आमचं हूं, नेसरीचं हूं

कार्तिक वद्य २, सोमवार
दिवाळी गेली. गिरिजा आली नाही. नागपंचमीला भाऊ न्यायला आला तेव्हा माहेरी नेसरीला गेली, ती अजून तिथेच. गाडीत बसल्यावर मी विचारलं होतं, दिवाळीला येशील ना. "हूं," म्हणाली.
तिच्या माहेरात कानडी. कानडीत हूं म्हणजे होय. माझ्या मूळ गावच्या, मुरगूडकडच्या मराठीत हूं म्हणजे ऐकलं, आता पुरे. ती घरात दोन्ही भाषा बोलते. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही की बाई, हे हूं कुठल्या भाषेतलं.
फराळाचं शेजारून आलं. चकली मऊ पडलेली.

कार्तिक वद्य ४, बुधवार
मालकांनी बोलावलं. मालकांची तेलाची गिरणी बावड्याच्या वाटेवर, तिथं इंजिन नि डायनामो. बंगला गावात. मध्ये लांब तार. बंगल्यामागचा ट्रान्सफॉर्मर (पुढे ट्रा.) परतीच्या पावसात जळला. मुंबईच्या कंपनीचं उत्तर आलं : विलायतेत लढाई चालू, माल कधी येईल सांगता येत नाही. माघात मालकांच्या मुलीचं लग्न.
"मेस्त्री, तुमच्याच्यानं हुईल?"
म्हटलं, होईल. घड्याळं उघडत उघडत विजेपर्यंत आलो आहे. कुणी शिकवलं नाही. एक इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी, बस्स.
मजुरीचं विचारलं. म्हटलं, माझी खोली बंगल्याच्या मागच्याच बोळात आहे. तिथं एक दिवा द्या. चुलीवर.
मालक हसले. "चुलीवर? लोक दिवाणखान्यात मागत्यात."
जाण्याआधी गि. म्हणाली होती, गावाला उजेड लावत फिरता, हितं धुरानं माझं डोळं जात्यात. आणि तुमी घरात हाय का न्हाय तेच मला कळंना झालंय.
दुसऱ्या वाक्यावर उपाय पुस्तकात नाही. पहिल्यावर आहे.

कार्तिक वद्य ९, सोमवार
ट्रा. उघडला. तेलात पाणी. आतल्या तारेच्या वेटोळ्यावरचं सूत कोळसा. पावसाळाभर मालकांनी बंद ठेवला होता, दिवे नकोत म्हणून. परतीच्या पावसात जोडला तो तसाच ओला. गार पडला की हवेतली ओल आत शिरते. म्हणजे कामानं जळला नाही, बंद ठेवून जळला.
टाकीच्या डागडुजीला बाबालाल. कल्हईवाला, पत्र्याच्या कामात गावात त्याला तोड नाही. हे मी सहसा कुणाबद्दल लिहीत नाही.
"मेस्त्री, ह्यात वीज तयार हुती व्हय?"
"नाही. वीज तिकडं गिरणीवर. हा फक्त दाब बदलतो. लांब तारेतून भरपूर प्रवाह नेला की तार तापते, वाटेतच सगळं जळतं. म्हणून गिरणीवर दाब वाढवायचा, प्रवाह थोडा ठेवायचा, नि इथं घराजवळ दाब उतरवायचा."
"आणि ही दोन वेटोळी? जोडलीसा कुठं?"
"जोडलेली नाहीत."
"मग हितली तिकडं जाती कशी?"
दोन्ही एकाच लोखंडावर बसलेली. एकात वीज मागंपुढं हलली की लोखंडाला कळतं, लोखंडाकडून दुसऱ्याला. अंगाला अंग लागत नाही.
बाबालालनं दोन वेटोळ्यांमधल्या फटीत बोट घालून बघितलं. "लई भारी. आमच्या म्हातारीचं नि सुनंचं आसंच हाय. मधी माझं टाळकं लोखंडाचं."

मार्गशीर्ष शु. ३
इराप्पा आला. गि.चा धाकटा भाऊ, मिरची घेऊन बाजाराला येतो. जेवायला बसवला. भाकरी माझी, जाड.
तो : "दाजी, अक्का वाट बघती."
मी : "मग आणून घाल की. पंचमीला मुराळी म्हणून तूच नेलीस. ज्यानं नेली त्यानं आणावी."
तो : "आमच्यात तसं न्हाय. न्यायला नवऱ्यानंच यायचं आसतं. आमी घालवली तर लोक म्हणत्यात, माहेरच्यांनी हाकलली."
आमच्या मुरगूडला मुराळीच आणून घालतो. हे मला पक्कं ठाऊक आहे. मी का जाऊ.
निघताना म्हटलं, अक्काला एवढंच सांग, घर उघडं आहे.
म्हणजे दार उघडं आहे, केव्हाही ये. याहून जास्त मला बोलता येत नाही.

मार्गशीर्ष शु. १०
तार नवी मिळत नाही. जुनीच उलगडली, जळकं सूत खरवडलं, घड्याळाच्या लेथवर फिरवून नवं सूत चढवतो आहे. एक वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. चढला की पुन्हा पहिल्यापासून.
थरांच्या मध्ये मऊ सुती पट्टी लागते. नवं मांजरपाट ताठ, कडा उभ्या राहतात. दांडीवर गि.चं जुनं इरकल आहे. सूत लोण्यासारखं. हातात घेतलं.
ठेवलं परत. मांजरपाट धुऊन धुऊन मऊ केलं. दोन दिवस गेले त्यात.
बाबालालनं आज चकित केलं. आतल्या लोखंडाचे शेकडो पातळ पत्रे काळपट, कळकट होते. घरी नेले आणि चिंच-राखेनं घासून आणले. बायको, म्हातारी, सगळं घर बसलं होतं म्हणे. एकेक पत्रा चांदीसारखा.
मी म्हणालो, शाब्बास, आरसा केलास.

मार्गशीर्ष वद्य ५, शनिवार
इराप्पानं फडकं पुढं केलं. "अक्कानं दिलंय."
आत कुलूप. नवं, पितळी, किल्ल्या दोन.
तो मिरचीचा भाव सांगत बसला. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं.
मी निरोप धाडतो घर उघडं आहे. ती कुलूप धाडते. आणखी स्पष्ट काय सांगायचं असतं माणसानं.
कुलूप खुंटीला अडकवलं. किल्ल्या फळीवर. कुलूप चांगलं आहे. आतली पट्टी जाड.

मार्गशीर्ष वद्य ११
वेटोळी लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवली. तेल चुलीवर तापवून ओल काढली, चटचट आवाज थांबेपर्यंत. सगळं भरलं. गिरणीकडून वीज सोडली, बंगल्यातला एकही दिवा न जोडता. रिकामी चाचणी.
थोडा वेळ ठीक. मग टाकी कोमट. मग गरम. मग हात ठेववेना. तेलाला वास. बंद केला.
दिवा एक नाही. घेणारा कुणी नाही. मग हा कुणासाठी जळतोय?
मालक व्हरांड्यातून : "काय वो मेस्त्री, च्या कराय ठेवलाय का काय?"

पौष शु. ४
वेटोळी पुन्हा उलगडली. एकही वेढा वाईट नाही. माझ्या हातचं वाईट नसतंच. बाबालालच्या टाकीवर संशय घेतला, त्याला बोललो. तो टाकीला डाग देत राहिला. मग म्हणाला, "टाकीला काय माहीत वीज. ती आपली तेल धरती."
मालक म्हणतात गॅसबत्त्या भाड्यानं आणतो. म्हटलं थांबा. गॅसबत्ती आली की माझ्या चुलीवरचा दिवा गेला.
कुणासाठी हवा आहे तो दिवा, असं मनात आलं. कुलूप समोरच होतं.

पौष शु. ८
सापडलं.
बाकाखाली झाडताना एक पत्रा निघाला. बाबालालच्या घासणीतून राहिलेला. काळपट, कळकट. पुसायला गेलो, पुसेना. नखानं खरवडलं तर पापुद्रा.
बॅटरी नि विजेची घंटी घेतली. दोन चकचकीत पत्रे एकावर एक, दोन टोकं लावली : ट्रिंग. मग हा कळकट पत्रा मध्ये : चिडीचूप.
मळ नव्हता तो. लेप होता. दोन पत्र्यांमधली भिंत. ती होती म्हणून वीज आपापल्या पत्र्यात राहत होती. भिंत गेली नि सगळे पत्रे मिळून एक अखंड ठोकळा झाला. मग लोखंडात आतल्या आत भोवरे फिरतात, काम काही नाही, नुसता ताप. पुस्तकात हे होतं. मी वाचलं होतं. पत्रे पातळ का, तर भोवरे लहान राहावेत म्हणून, एवढं लक्षात ठेवलं. पत्र्यांमध्ये काय, ती ओळ डोळ्याखालून गेली.
बाबालालला घंटी वाजवून दाखवली. त्यानं तो कळकट पत्रा उचलून उजेडात धरला.
"कळकट वस्तू गिऱ्हाइकाच्या दारात परत ठेवायची न्हाय, ही आमच्या बापाची शिकवण. आता काय म्हणायचं?"
"चूक तुझी नाही."
"मग टाकीला का बोललासा?"
घंटीची तार सोडवली. म्हटलं, आरसा केलास म्हणून शाबासकी मीच दिली होती.
"व्हय की! आन् मी ती घरात सगळ्यांस्नी सांगितली."

पौष शु. १२
लाख पुरत नाही एवढ्या पत्र्यांना. संक्रांतीचे दिवस, बाजारात पतंगाचा कागद भरपूर. पातळ, एकसारखा. भाताच्या खळीनं प्रत्येक पत्र्याच्या एका बाजूला चिकटवायचा, वाळवायचा, कडा कापायच्या. विलायतेतही आधी कागदच लावत, पुस्तकात आहे. या वेळी प्रत्येक ओळ वाचली.
बाबालालचं सगळं घर पुन्हा बसलं. तांबडा, हिरवा, पिवळा. अंगणभर पत्रे वाळत. म्हातारी म्हणाली, लोखंडाला लुगडी नेसवली.
गि. असती तर रंग तिनं लावून दिले असते. तांबड्याशेजारी पिवळा नको म्हणाली असती. मी म्हणालो असतो, रंगाला विजेच्या लेखी अर्थ नाही. मग ती बोलायची थांबली असती.
असंच व्हायचं. ती भाजीवालीचं, शेजारणीचं, मांजराचं काही सांगायची, मी त्यातली चूक काढायचो.

पौष पौर्णिमा
इराप्पा. आल्या आल्या खुंटीकडे बघून : "हे काय दाजी, कुलूप लावलंच न्हाय?"
मी : "कशाला लावू? तिनं कळवलं ते कळलं."
तो : "काय कळलं? तुमीच सांगून धाडलासा, घर उघडं हाय म्हणून. अक्का घाबरली की. म्हणाली, हे विजेच्या नादात दार उघडं टाकून जात्यात, कोणतरी भांडी नेईल. संकेश्वरच्या बाजारातनं मला कुलूप आणाय लावलं."
मी उठून पाणी प्यायलो. परत बसलो.
"तू तिला नेमकं काय सांगितलंस?"
"तेच. दाजीचं घर उघडंच असतंय."
'आहे' चं 'असतंय' झालं वाटेत. नेसरी लांब. तारेत नुकसान होतं ते मी मोजतो, यात किती गेलं?
अंथरुणावर पडून विचार केला, तो असा. वेटोळ्यात एकसारखी, न बदलणारी वीज सोडली तर शेजारच्या वेटोळ्यात काही उमटत नाही. कितीही सोडा. काही तरी बदलावं लागतं तेव्हाच पलीकडे कळतं. मी वर्षानुवर्षं घरी वेळेवर आलो, वेळेवर जेवलो, कधी हात उगारला नाही, कधी काही बोललो नाही. एकसारखा. आणि ती म्हणते, तुमी हाय का न्हाय तेच कळंना.
या वेळी निरोप दोनच शब्दांचा दिला. प्रवाह थोडा, दाब पुरा. "शिवरात्रीला ये." इराप्पाकडून पाठ म्हणून घेतला. त्यानं 'येशील का' म्हटलं, पुन्हा म्हणायला लावलं.

माघ शु. ५
आज वीज सोडली. दुपारभर रिकामा चालू ठेवला. टाकी कोमट. कोमटच राहिली. बाबालाल दर थोड्या वेळानं हात लावून बघत होता, जसा तापकऱ्याच्या कपाळाला.
मग बंगल्यातले सगळे दिवे. मालकांची मुलगी टाळ्या वाजवत फिरली. माझ्या बोळातही तार ओढली. चुलीवर दिवा टांगला, बटण भिंतीला, तिच्या हाताच्या उंचीवर. माझ्या उंचीनं नाही. लावून बघितला नाही.
मालकांचा हिशेबी प्रश्न : "दिवसा गिरणी चालती तवा तारेत वीज असती. बंगल्यात दिवा एक न्हाय. तरी तुमचा डबा खातोयच की. तेवढा वेळ तोडून ठेवा."
म्हटलं, खातो हे खरं. लोखंडाला क्षणाक्षणाला तोंड फिरवावं लागतं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कुणी दिवा लावो न लावो. त्याचा ताप होतोच. तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही. पण तोडू नका. मागच्या पावसाळ्यात तोडून ठेवलात म्हणून ओल धरली. ऊब राहिली तर टिकेल.
"म्हंजे नुसतं वाट बघणंबी तेल खातंय."
"होय मालक. खातंय."

माघ शु. ११
लग्न उद्यावर. मालकीणबाईंची तक्रार : मांडवात गुणगुण ऐकू येते, म्हातारं माणूस कण्हल्यासारखी. शुभकार्याला बरं नव्हे.
पत्रे विजेबरोबर किंचित थरथरतात, त्याचा आवाज. बोल्ट आवळले, बांबूच्या पाचरी ठोकल्या. कागदामुळे गठ्ठा थोडा मऊ, म्हणून आवाज साफ जात नाही. हे माझ्या मनाला लागतं. विलायती माल एवढा बोलत नाही.
बरंचसं उतरलं. कान लावला तर खाली अजून आहेच.
बाबालालनंही कान लावला. "मेस्त्री, काय म्हणतंय ऐकलासा का? हूंऽऽ म्हणतंय."
मी दचकलो. तो हसत होता, त्याला काही माहीत नाही.

माघ वद्य ४
लग्न पार पडलं. दिवा एकही डगमगला नाही. मालकांनी शालजोडी दिली. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, विलायती का? मालक म्हणाले, "हितलाच. आत पतंगाचा कागद हाय." सगळे हसले. मी नाही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नाही.
संध्याकाळी इराप्पा. हातातली चिलीमही त्याला भरू दिली नाही.
"सांगितलंस?"
"सांगितलं की. शिवरात्रीला ये. दोनच शब्द. तुमी शिकवल्यागत."
"मग? काय म्हणाली?"
"हूं म्हणाली."
"कसं म्हणाली?"
"कसं म्हंजे? भाकरी थापत हुती. हूं म्हणाली."
"अरे, आमचं हूं का तुमचं हूं?"
इराप्पानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला वारं लागलंय. "दाजी, हूं म्हंजे हूं. त्यात आमचं तुमचं काय आसतंय?"
"लांबवून म्हणाली का तोडून? मान वर केली का?"
"तव्यावर भाकरी हुती दाजी! मान कशी वर करंल?"
चूक माझीच. उत्तर आणायला असा माणूस नेमला ज्याच्या कानाला दोन्ही हूं एकच.

माघ वद्य ११
आठवडाभर दाराकडे लक्ष. बैलगाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबतं. शिवरात्र तोंडावर. लग्न झाल्यापासून एकही शिवरात्र आम्ही वेगळी केली नाही. देव्हारा तीच पुसते. मी पुसला आज. चिंचेनं नव्हे, नुसत्या ओल्या फडक्यानं.
आमच्यात मुराळीनं आणून घालायचं असतं. त्यांच्यात नवऱ्यानं न्यायला जायचं असतं. ती तिकडं त्यांच्या रीतीनं वाट बघते आहे, मी इकडं आमच्या. दोघंही बरोबर. ट्रा. रिकामा चालू.
बाबालालला सांगितलं, मी दोनतीन दिवस नसेन. टाकीला हात लावत जा. कान लावत जा. आवाज वाढला तर मालकांना सांगून तार तोडायची. आवाज थांबला तर विचारूच नकोस, धावत गिरणीवर जायचं.
"मुरगूडला चाललासा?"
"नेसरीला."
"आत्ता? मग एवढं दिवस काय कागद चिकटवत बसलासा!"
कुलूप लावलं घराला. तिचंच. चांगलं बसतं.

माघ वद्य १३, नेसरी
गडहिंग्लजपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. अंगाला धूळ. इथे पेन्सिलीनं लिहितो आहे, कट्ट्यावर बसून.
मी येतोय हे कुणाला कळवलं नव्हतं. इराप्पा मळ्यात. दारात तीच होती, सुपात जोंधळे पाखडत. केस पांढरे झालेत पुढचे. पंचमीला नव्हते. की होते आणि मी बघितले नव्हते.
सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "घराला कुलूप लावलासा?"
किल्ली दाखवली. एक तिच्यासमोर ठेवली, कट्ट्यावर.
रस्ताभर ठरवलेलं काही आठवेना. बटणाचं बोलणार होतो, तिच्या हाताच्या उंचीवर बसवलंय म्हणून. पत्र्यांचे रंग सांगणार होतो. तांबड्याशेजारी पिवळा आला आहे दोन ठिकाणी, तेही सांगणार होतो. एवढंच तोंडातून निघालं : "येतेस?"
ती उठली. किल्ली घेतली की नाही ते तिच्या पदराआड गेलं, दिसलं नाही. आता बघतो तर कट्ट्यावर नाही. खाली भेगेत पडली असेल म्हणून तेही बघितलं, आत काळोख आहे. तेव्हा ती पाठ करून आत जाता जाता म्हणाली,
"हूं."
मी कान देऊन ऐकलं. या वेळी मध्ये कुणी नव्हतं. तोडून नव्हतं. फार लांबवलेलंही नव्हतं.
आत पत्र्याचं झाकण वाजलं आत्ता. पातळ पत्रा, कडेला पोचा आलेला, एवढं आवाजावरून सांगतो. पंचमीला नेलेली तिची ट्रंक तशी आहे. पिठाचा डबाही तसाच.